सापाच्या पेटीचा तळ: सबस्ट्रेट निवडण्यापासून तो बदलण्यापर्यंत

साप दिवसरात्र ज्या एका गोष्टीला अंगभर टेकलेला असतो, ती गोष्ट म्हणजे त्याच्या पेटीचा तळ. तो त्यावरून सरपटतो, त्यात शिरून झोपतो, जिभेने त्याचा गंध टिपतो आणि खालचा जबडा त्यावर टेकवून जमिनीतली कंपने जबड्याच्या हाडांमार्फत आतल्या कानापर्यंत पोहोचवतो. तरीही पेटी, दिवा, थर्मोस्टॅट आणि लपण्याच्या जागा यांवर पुष्कळ विचार करून झाल्यावर सबस्ट्रेटची, म्हणजे तळाशी पसरायच्या थराची, खरेदी बहुधा शेवटच्या पाच मिनिटांत आणि पिशवीवरचे चित्र पाहून होते. कात तुकड्या-तुकड्यांनी निघणे, पोटाच्या खवल्यांवर फोड येणे, साप दिवसचे दिवस पाण्याच्या भांड्यात बसून राहणे या नव्या पालकांच्या नेहमीच्या तक्रारी आहेत, आणि त्यांचा माग काढू लागले की तो अनेकदा या थरापाशीच येऊन थांबतो.

हा लेख कायद्याने पाळण्यास परवानगी असलेल्या, बंदिवासात जन्मलेल्या, माणसाला घातक नसलेल्या सापांना, म्हणजे बॉल पायथन, कॉर्न स्नेक, किंग स्नेक, हॉगनोज, सँड बोआ, रेनबो बोआ अशा जातींना धरून लिहिला आहे. सर्वांना चालेल असा एकच सबस्ट्रेट नसतो. निवड तीन गोष्टी जुळवून करावी लागते: साप मूळचा कुठला, पेटीला ऊब कोणत्या बाजूने मिळते आणि पालक तळाकडे किती वेळा लक्ष देऊ शकतो.

पहिली पायरी: साप जमिनीवर राहतो की जमिनीत, हे शोधणे

सापाचे नाव ऐकून किंवा त्याच्या देशाचा नकाशा पाहून निष्कर्ष काढू नये, कारण त्यात हमखास फसगत होते. बॉल पायथन हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या गवताळ प्रदेशांतला व शेतजमिनींतला साप आहे. तिथली हवा वर्षातले काही महिने बरीच कोरडी असते, आणि एवढ्यावरून त्याला कोरडी पेटी द्यावी असे कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात हा साप दिवसाचा मोठा काळ उंदीरवर्गीय प्राण्यांच्या बिळांत आणि वारुळांत काढतो, आणि बिळातली हवा बाहेरच्या हवेपेक्षा पुष्कळ दमट असते. म्हणून त्याच्या पेटीत सुमारे ६० टक्के आर्द्रता असावी आणि कात टाकण्याच्या दिवसांत ती त्याहूनही वाढवावी. केनियन सँड बोआच्या नावात वाळू आहे, पण तो पूर्व आफ्रिकेतल्या निमवाळवंटी झुडपी प्रदेशांतल्या भुसभुशीत मातीत पुरून राहणारा साप आहे. पेटीभर नुसती बारीक वाळू ओतली, तर त्याला ते घर परकेच वाटते.

वेस्टर्न हॉगनोजच्या नाकपुडीपुढचा वर वळलेला खवला फावड्यासारखा चालतो. उत्तर अमेरिकेतल्या गवताळ मैदानांतली सैल, वालुकामय जमीन खणण्यासाठीच तो आहे, आणि अशा सापाला कागदावर ठेवणे म्हणजे त्याचे मुख्य काम काढून घेणे होय. कॉर्न स्नेक अमेरिकेच्या आग्नेय भागातल्या पाइनच्या रानांत, पडीक शेतांत, पडलेल्या ओंडक्यांखाली आणि जमिनीखालच्या पोकळ्यांत राहतो. त्याला ४० ते ६० टक्के आर्द्रता पुरते. ब्राझिलियन रेनबो बोआ अॅमेझॉनच्या खोऱ्यातला असल्याने त्याला ७५ टक्क्यांहून अधिक आर्द्रता सातत्याने लागते, आणि ग्रीन ट्री पायथन तर जवळजवळ सर्व वेळ फांदीवर असतो, त्यामुळे त्याच्या बाबतीत तळाचे काम हवा दमट राखणे एवढेच उरते.

आपला साप या चौकटीत कुठे बसतो, ते दोन प्रश्नांत लिहून काढावे. तो खणतो का? आणि त्याला किती टक्के आर्द्रता लागते? ही दोन उत्तरे हाती असल्याशिवाय खरेदीला निघू नये.

दुसरी पायरी: दमटपणा आणि ओल यांतला फरक समजून घेणे

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली, तर ती ही असावी: हवा दमट असणे वेगळे आणि पोटाखालची जागा ओली असणे वेगळे. रेनबो बोआसारख्या ओलसर जंगलातल्या सापालासुद्धा भिजलेल्या, कुजट तळावर सतत पडून राहणे मानवत नाही. पोटाचे खवले अनेक दिवस ओलीत राहिले की खवल्यांखाली पाणीदार फोड येतात, रंग तपकिरी-लालसर होतो, पुढे त्वचा झडू लागते, आणि त्यात जिवाणूंचा शिरकाव झाला की साध्या दिसणाऱ्या डागाचे रूपांतर गंभीर संसर्गात होते. ओलीला गारठ्याची जोड मिळाली तर श्वसनमार्गाचा संसर्ग होतो. श्वासाची शिट्टीसारखी घरघर ऐकू येते आणि तोंडाशी फेस किंवा बुडबुडे दिसतात. अशा वेळी सबस्ट्रेट बदलून वाट पाहत बसू नये, तर सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्यांकडे जावे.

याच्या उलट, हवा कोरडी असेल तर कात एकसंध मोज्यासारखी निघत नाही. डोळ्यांवरचे पारदर्शक आवरण अडकून राहते, आणि शेपटीच्या टोकाशी कातीची कडी घट्ट बसून तिथला रक्तपुरवठा थांबू शकतो. माझ्या पहिल्या बॉल पायथनची पहिली थंडी अशीच गेली. तळाला वर्तमानपत्र होते, वर दिवा जळत होता, आणि मी दिवसातून चार वेळा फवारणी करत होतो. आर्द्रतामापकाचा काटा फवारणीनंतर वर जायचा आणि तासाभरात पुन्हा खाली यायचा. कातीचे सतरा तुकडे मी मोजले होते. चूक फवारणीच्या संख्येत नव्हती. कागद पाणी धरून ठेवत नाही, त्यामुळे फवारलेले पाणी हवेत उडून जाळीच्या झाकणातून निघून जात होते, आणि मधल्या वेळात सापाचे पोट मात्र ओल्या कागदावर टेकलेले असायचे. कोरडी हवा आणि ओला तळ, असे दोन्ही दोष एकाच पेटीत होते.

चांगल्या सबस्ट्रेटची कसोटी यातूनच ठरते. त्याने पाणी खालच्या थरात साठवावे, ते सावकाश वाफेच्या रूपाने वर सोडावे आणि स्वतःचा पृष्ठभाग मात्र कोरडा ठेवावा. यासाठी पाणी वरून न फवारता पेटीच्या कोपऱ्यांत, काचेलगत ओतावे, म्हणजे ते तळाशी पसरते आणि वरचे दोन सेंटीमीटर कोरडे राहतात. १२० सेंटीमीटर लांब आणि ६० सेंटीमीटर रुंद पेटीत अर्ध्या लिटरपासून सुरुवात करून, दोन दिवस आर्द्रतामापक पाहून मग प्रमाण वाढवावे किंवा कमी करावे. उतावीळपणे एकदम दोन लिटर ओतले, तर ते पाणी परत काढता येत नाही.

आर्द्रतेचा आकडा वाचतानाही एक बाब ध्यानात ठेवावी लागते. टक्केवारी ही हवेच्या तापमानाशी बांधलेली असते. २५ अंश सेल्सिअसला ६० टक्के आर्द्रता असलेली हवा, तिच्यात पाण्याची भर न पडता ३२ अंशांपर्यंत तापली, तर तोच आकडा सुमारे ४० टक्के दिसतो. म्हणूनच गरम टोकाचा मापक नेहमी कमी दाखवतो आणि तो पाहून घाबरलेले पालक तळ भिजवत राहतात. दोन्ही टोकांना एकेक डिजिटल मापक, तोही सबस्ट्रेटच्या जवळ, साप असतो त्या उंचीवर ठेवावा.

तिसरी पायरी: उष्णता कोणत्या बाजूने येते ते पाहून थराची जाडी ठरवणे

पेटीखाली तापणारी चटई, म्हणजे हीट मॅट, असेल तर जाड थर लावू नये. सबस्ट्रेट उष्णता अडवतो. वर पुरेशी ऊब पोहोचत नाही आणि खाली काचेपाशी ती साठत जाते. थर्मोस्टॅटचा सेन्सर थराच्या वर ठेवलेला असेल तर धोका वाढतो, कारण वरचे तापमान ठरलेल्या आकड्यापर्यंत यावे म्हणून मॅट खाली अधिकाधिक तापत राहते. साप ऊब शोधत खाली खणतो आणि तापलेल्या काचेवर जाऊन झोपतो. पोटाखालच्या उष्णतेपासून तो वेळीच बाजूला होईल, असा भरवसा धरता येत नाही. सापांच्या पोटावर भाजल्याच्या जखमा अशाच होतात. मॅट वापरायचीच असेल तर त्या जागी थर दोन-तीन सेंटीमीटरपेक्षा जाड नसावा, सेन्सर मॅटच्या लगत असावा, आणि साप ज्या काचेपर्यंत पोहोचू शकतो तिचे तापमान अधूनमधून सबस्ट्रेट बाजूला सारून मोजावे. थर्मोस्टॅटशिवाय मॅट लावणे पूर्णपणे टाळावे.

ऊब वरून, दिवा किंवा सिरॅमिक हीटरमधून येत असेल तर जाडीवर हे बंधन राहत नाही, पण वरचा थर लवकर सुकतो, म्हणून पाण्याचे वेळापत्रक त्याप्रमाणे आखावे लागते. खणणाऱ्या सापासाठी मी नेहमी वरूनच ऊब देतो.

जमिनीवर राहणाऱ्या बॉल पायथन, कॉर्न स्नेक, किंग स्नेक यांना ५ ते ८ सेंटीमीटर थर पुरतो, आणि आर्द्रता टिकत नसेल तर तो १० सेंटीमीटरपर्यंत वाढवल्याने बहुधा फायदा होतो. हॉगनोज आणि सँड बोआ यांना मात्र १० ते १५ सेंटीमीटर द्यावेत. साप संपूर्ण दिसेनासा होऊ शकला पाहिजे. पेटीला जाळीचे मोठे झाकण असेल तर आर्द्रता वेगाने निघून जाते, त्यामुळे पाणी धरणारा जाड थर हवा. लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या, कमी झरोक्यांच्या पेटीत तोच थर बुरशी धरू शकतो.

चौथी पायरी: पदार्थ निवडणे

नारळाच्या सोडणापासून बनणारे कोकोपीट हा पाणी धरणाऱ्या पदार्थांपैकी सहज मिळणारा आणि बहुतेक दमट-पेटीच्या सापांना चालणारा पदार्थ आहे. मात्र ते पूर्ण सुकले की पिठासारखे उडते; बॉल पायथनच्या ओठांवर उष्णता ओळखणारे जे खळगे असतात त्यांत आणि नाकपुड्यांत ती धूळ बसते. त्याच नारळाच्या सोडणाचे बोटाच्या पेराएवढे तुकडे, म्हणजे कोको चिप्स, धूळ करत नाहीत आणि त्यांच्यामध्ये हवा खेळती राहते, पण त्यांत बीळ टिकत नाही. माझ्या मते बॉल पायथनसाठी या दोहोंचे मिश्रण, साधारण दोन भाग चिप्स आणि एक भाग कोकोपीट, हे सर्वांत कमी त्रासाचे आहे. खाली पीट पाणी धरते आणि वर येणारे चिप्स सापाच्या पोटाला कोरडे ठेवतात. कोकोपीट बागकामासाठी विकले जाते तेव्हा त्यात कधी खत मिसळलेले असते. साधे, खत नसलेले घ्यावे, आणि क्षार निघून जावेत म्हणून एकदा स्वच्छ पाण्यातून काढून पिळावे.

सायप्रसच्या लाकडाचा भरड भुसा आणि फर या झाडाच्या सालीचे तुकडे हेही दमट पेटीला उत्तम आहेत. सायप्रस लवकर कुजत नाही. खरेदी करताना तो निव्वळ सायप्रस आहे, त्यात दुसऱ्या झाडांची भर किंवा रंग नाही, याची खात्री करावी आणि घरी आणल्यावर हाताने चाळून टोकदार कुसळे वेचून काढावीत.

कोरड्या पेटीच्या सापांसाठी, म्हणजे कॉर्न स्नेक, किंग स्नेक, हॉगनोज आणि सँड बोआ यांच्यासाठी, अॅस्पेनच्या लाकडाचे छिलके अनेक वर्षांपासून वापरले जातात. त्यांत उग्र वासाची तेले नसतात, ते हलके असतात, आणि विशेष म्हणजे त्यांत केलेला बोगदा ढासळत नाही. कॉर्न स्नेकने अॅस्पेनमध्ये पाडलेल्या वाटा काचेतून पाहणे हा मोठा आनंद आहे. परंतु अॅस्पेनला पाणी सोसत नाही. पाण्याचे भांडे सांडले आणि दोन दिवस लक्ष गेले नाही, तर तिथे बुरशी आलेलीच असते. दमट हवा लागणाऱ्या सापाला तो देऊ नये.

माती आणि वाळू यांचे मिश्रण खणणाऱ्या सापांसाठी मला अॅस्पेनपेक्षाही अधिक आवडते. खत, कीटकनाशक आणि परलाइटचे पांढरे दाणे नसलेली साधी माती सुमारे ६० टक्के आणि धुतलेली वाळू ४० टक्के घ्यावी. ते हलके ओलसर करून दाबून बसवावे आणि वरून सुकू द्यावे. अशा जमिनीत बीळ टिकते, आणि खाली थोडी ओल राहिल्याने साप स्वतःच हवी ती पातळी निवडतो. हे मिश्रण फार जड असते, त्यामुळे पेटीचा तळ आणि खालचे टेबल ते वजन पेलेल का, हे भरण्याआधीच पाहावे.

स्फॅग्नम मॉस, म्हणजे पाणी धरून ठेवणारे एक शेवाळ, ही संपूर्ण तळावर पसरण्याची वस्तू नव्हे. तिचे खरे काम दमट गुहेत आहे: झाकण असलेल्या डब्याला सापाच्या जाडीपेक्षा थोडे मोठे भोक पाडावे, कडा घासून गुळगुळीत कराव्यात आणि आत पिळून घेतलेले ओलसर मॉस भरावे. कोरड्या पेटीतल्या सापाचे डोळे दुधाळ निळसर झाले, म्हणजे कात जवळ आली, की हा डबा आत ठेवावा. यामुळे संपूर्ण तळ ओला करण्याची गरज उरत नाही. अंडी घालणाऱ्या जातीच्या मादीलाही असाच मॉसचा डबा लागतो.

कागद, मग तो वर्तमानपत्राचा असो वा किचन रोल, याला कमी लेखू नये. नव्याने घरी आलेला साप पहिले ९० दिवस वेगळ्या पेटीत आणि कागदावरच ठेवावा. पांढऱ्या कागदावर विष्ठेचा रंग आणि पातळपणा दिसतो, रक्त दिसते, आणि सापांवरचे माइट, म्हणजे खसखशीएवढे काळसर परजीवी, चालताना दिसतात. कोकोपीटमध्ये ते महिनाभर लपून राहतील. जखमी साप, शस्त्रक्रिया झालेला साप आणि अंड्यातून नुकतीच आलेली पिल्ले यांनाही कागदच द्यावा. कागदावर आर्द्रता राखायची असेल तर वर सांगितलेला मॉसचा डबा कायम आत असावा. काळजी एवढीच घ्यावी, की आजारपणापुरता आणलेला कागद सोय म्हणून वर्षानुवर्षे तसाच राहू नये. ज्या सापाला खणायचे आहे त्याला ती मुभा परत मिळाली पाहिजे.

जिवंत तळाबद्दल, ज्याला बायोअॅक्टिव्ह म्हणतात, थोडे सांगणे आवश्यक आहे. मातीच्या थरात स्प्रिंगटेल आणि आयसोपॉड हे सूक्ष्म व लहान जीव सोडतात, वर पालापाचोळा पसरतात, आणि ते बुरशी व विष्ठेचे अवशेष खाऊन जमीन निरोगी ठेवतात. दमट पेटीत खाली भाजलेल्या मातीच्या गोळ्यांचा निचऱ्याचा थर आणि त्यावर जाळी लागते. साप आत सोडण्यापूर्वी चार ते सहा आठवडे ही जमीन तशीच मुरू द्यावी. हा प्रकार सुंदर आहे, पण तो साफसफाईतून सुटका देतो अशी समजूत करून घेऊ नये. मोठ्या सापाची विष्ठा हातानेच उचलावी लागते. पहिल्याच सापासाठी हा मार्ग मी सुचवणार नाही.

पाचवी पायरी: काय घरात आणू नये

सिडार, म्हणजे देवदार जातीच्या लाकडाचा भुसा, कोणत्याही परिस्थितीत वापरू नये. त्याचा जो वास माणसाला आवडतो, तीच बाष्पशील द्रव्ये बंद पेटीत सापाच्या श्वसनमार्गाला आणि त्वचेला अपाय करतात. पाइनच्या भुशाबद्दल पालकांत मतभेद आहेत, कारण भट्टीत वाळवलेल्या पाइनमधली बरीच द्रव्ये उडून जातात. परंतु पिशवी उघडल्यावर राळेचा वास आला तर तो वापरू नये, आणि सुतारकामातून उरलेला, कोणत्या झाडाचा आहे हे माहीत नसलेला भुसा तर मुळीच नको.

कॅल्शियमची रंगीत वाळू, अक्रोडाच्या टरफलांचा चुरा, मक्याच्या कणसाचे दाणेदार तुकडे आणि मांजराच्या मलपात्रातली माती यांच्या पिशव्यांवर कधी सापाचेही चित्र असते. अक्रोडाच्या चुऱ्याच्या कडा धारदार असतात, मक्याचे तुकडे ओल लागताच फुगतात व बुरशी धरतात, मांजराची माती अंगातला ओलावा शोषते, आणि कॅल्शियमची वाळू ओली झाली की गोळा होते. कृत्रिम हिरवळीचे धागे सुटून सापाच्या शेपटीभोवती किंवा दातांत अडकतात.

सहावी पायरी: मोजणे, तयार करणे, पसरणे

पेटीची लांबी, रुंदी आणि हवी ती जाडी सेंटीमीटरमध्ये गुणून १००० ने भागली की लिटर मिळतात. १२० गुणिले ६० गुणिले ८ म्हणजे ५७,६०० घन सेंटीमीटर, अर्थात सुमारे ५८ लिटर. दाबलेल्या कोकोपीटची ६५० ग्रॅमची वीट भिजल्यावर साधारण आठ-नऊ लिटर होते, म्हणजे नुसत्या कोकोपीटने ही पेटी भरायला सहा-सात विटा लागतील. बहुतेक जण निम्म्याच आणतात आणि मग थर जिथे पुरला तिथे थांबतात.

वीट कोमट पाण्यात भिजवावी, पूर्ण फुगल्यावर मूठभर घेऊन जोरात पिळावी. मूठ उघडल्यावर गोळा टिकावा, पण बोटांतून पाणी ठिबकू नये. ठिबकत असेल तर जाड कापडात बांधून पिळावे किंवा एक दिवस पसरून ठेवावे. बाहेरून गोळा केलेला पालापाचोळा फवारणी न झालेल्या जागेचाच घ्यावा, दहा-पंधरा मिनिटे उकळून पूर्ण वाळवावा. जड दगड आणि गुहा थरावर ठेवू नयेत, पेटीच्या तळावर थेट टेकवाव्यात आणि मग सभोवती सबस्ट्रेट भरावा, नाहीतर खाली खणणाऱ्या सापावर ते खचतात. साप आत सोडण्यापूर्वी दिवा आणि थर्मोस्टॅट चालू ठेवून दोन दिवस तापमान व आर्द्रता नोंदवावी.

सातवी पायरी: खाणे, झाडलोट आणि बदल

सबस्ट्रेट पोटात जाऊन आतडे अडण्याची भीती पुष्कळांना वाटते आणि त्या भीतीपोटी काही जण सापाला आयुष्यभर कागदावर ठेवतात. चांगले पाणी मिळालेल्या, योग्य तापमानात राहणाऱ्या सापाच्या पोटात भक्ष्यासोबत एखादे तंतू किंवा छिलका गेला तर तो सामान्यतः विष्ठेतून बाहेर पडतो. अडथळा निर्माण होतो तो साप कोरडा पडलेला असताना, थंडीने पचन मंदावलेले असताना, किंवा तुकडा मोठा वा टोकदार असताना. भक्ष्य पूर्ण वितळल्यावर कोरडे पुसावे, चिमट्याने द्यावे आणि खाली सपाट थाळी किंवा टाइल ठेवावी. गिळताना जबड्यात चिकटलेला मोठा तुकडा दिसला तरी ओढू नये. बहुतेक साप जांभई देऊन, तोंड घासून तो स्वतः काढतात.

विष्ठा आणि युरेटचे, म्हणजे सापाच्या घट्ट लघवीचे, पांढरे खडे दिसताच, आजूबाजूच्या मूठभर सबस्ट्रेटसह काढावेत. पाण्याच्या भांड्याखालची जागा दर आठवड्याला तपासावी, बुरशी तिथेच प्रथम येते. कागद घाण झाला की लगेच, अॅस्पेन महिना-दीड महिन्याने आणि कोकोपीट किंवा सालीचे मिश्रण दोन-तीन महिन्यांनी संपूर्ण बदलावे. मात्र तारखेपेक्षा नाकावर अधिक विश्वास ठेवावा. निरोगी तळाला पावसानंतरच्या मातीचा किंवा लाकडाचा वास येतो. अमोनियाचा किंवा आंबट वास आला की मुदत बाकी असली तरी तळ काढून टाकावा.

पेटी रिकामी झाल्यावर साबणाने घासून, क्लोरहेक्सिडीनसारखे जंतुनाशक लेबलवर दिलेल्या प्रमाणात व दिलेल्या वेळेपर्यंत लावावे, स्वच्छ धुवावे आणि पूर्ण वाळू द्यावे. फिनॉल असलेली फरशीची जंतुनाशके सरपटणाऱ्या प्राण्यांना विषारी असतात. निरोगी सापाच्या विष्ठेतही माणसाला आजारी पाडणारा साल्मोनेला हा जिवाणू असू शकतो, त्यामुळे हे काम स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये करू नये, हात साबणाने धुवावेत, आणि पाच वर्षांखालील मुले, गर्भवती स्त्रिया व प्रतिकारशक्ती कमी असलेल्या व्यक्ती यांना वापरलेल्या सबस्ट्रेटपासून दूर ठेवावे.

बदल करताना सापाचा विचार करावा लागतो, कारण त्याच्या दृष्टीने संपूर्ण ओळखीचा गंध एका दिवसात नाहीसा झालेला असतो. तो निरोगी असेल आणि पेटीत माइट किंवा बुरशी नसेल, तर जुन्या स्वच्छ सबस्ट्रेटच्या दोन-तीन मुठी नव्यात मिसळाव्यात आणि गुहा पूर्वीच्याच जागी ठेवाव्यात. डोळे निळसर झालेले असताना किंवा खाल्ल्यानंतरच्या ४८ तासांत तळ बदलू नये. नवा प्रकार आणला असेल तर पहिले दोन आठवडे साप कुठे बसतो ते रोज लिहून ठेवावे. तो गुहेत किंवा थराखाली शांत असेल तर निवड जमली आहे. सतत पाण्याच्या भांड्यात असेल तर हवा कोरडी आहे, तळ तापला आहे किंवा माइट आहेत, आणि तपासणी त्याच क्रमाने करावी. तळ सोडून फांदीवर किंवा गुहेच्या छतावर चढून बसणारा जमिनीवरचा साप बहुधा पोटाखालची ओल टाळत असतो. अशा वेळी कोपऱ्यात बोट खुपसून पाहावे, वरचा थर उलथून वाळू द्यावा, आणि आर्द्रतामापकाचा आकडा चांगला दिसत असला तरीही पुढचे पाणी तीन-चार दिवस थांबवावे.